ज्याचा हात त्याची घडी

अजी, तुमचं घड्याळ बंद पडलं.

तुम्हाला शेवटची आंघोळ घालायच्या आधी कोणीतरी ते मनगटावरून सोडवून माझ्या हातात दिलं. मी देवळीत ठेवलं आणि त्या गलक्यात विसरून गेले. दुसऱ्या दिवशी दिवा लावायला गेले तर ते चालूच होतं. तिकडे मसणवट्यात तुमची राख अजून गरम असेल, आणि हे इकडे आपलं टिकटिक करत बसलेलं. मी ते कानाला लावलं आणि भिंतीला टेकून तिथंच बसले. आपल्या मंजूनं ताट वाढून हाका मारल्या, पण मी उठले नाही.

मग ते थांबलं. कधी थांबलं ते कळलं नाही. बायका गळ्यात पडायला येत होत्या, चहाचं आधण उतू जात होतं. पाहिलं तर काटा उभा. मी हलवलं. चाललं. खाली ठेवलं, पुन्हा उभं. मग मी हलवतच राहिले. मुठीत धरून नुसती हलवत होते, दळण दळावं तशी. तुमची वहिनी म्हणाली, "पोरी, ते ठेव खाली, लोकं पाऊन राहिले." पाहू देत. तुम्हाला खांद्यावर घेऊन सगळे गेले, बाईमाणूस म्हणून मला दारातच थांबवलं. माझ्या हाती उरलं होतं ते एवढंच, आणि तेही थंड पडत होतं.

ते मुळात माझ्या बाबांचं. सालेकशाहून गोंदियाच्या बाजारात जाऊन, जावयासाठी म्हणून त्यांनी हौसेनं घेतलेलं. दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं, "चाबी का झंझट ही नहीं. हाथ हिलता रहे, घड़ी चलती रहे." बाबांनी ते मांडवात दहा जणांना ऐकवलं, आणि ऐकवता ऐकवता पदरचं घातलं, की या घडीला चावी दिली तर आतली तार तुटते. झालं. आपल्या दोन्ही घरांत ती काळ्या दगडावरची रेघ. काटे लावायची वेळ आली तर तुम्ही ते बटण दोन नखांनी असं ओढायचात, जशी विंचवाची नांगी धरली आहे. न ओढता नुसतं फिरवायचं तर नावच नाही.

आणि तुमच्या हातावर ते थांबायचं कारणही नव्हतं. सुतार माणूस. सकाळपासून रंधा, वाकस, पटाशी. दारं, चौकटी, बैलबंड्या, लोकांच्या पोरींच्या लग्नातले पाट. डाव्या हातानं लाकूड दाबून धरायचं आणि उजव्यानं घाव घालायचा, घड्याळ त्या डाव्यावर उड्या मारत चालायचं. बारीक सारीक गोष्टींची तुम्हाला फुशारकी नव्हती, पण याची होती. माझा भाऊ दिलीप एका लग्नाला मिरवायला ते मागून घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी बंद पडलेलं परत घेऊन आला, घाबरून. तुम्ही किती हसलात! "साळेबुवा, तुमच्या हातावर तं घडीसुद्धा झोपते गा!" तेव्हापासून ते गावात माणूस पारखायचं मापच झालं. कामाला कोणी नवीन आला की तुम्ही म्हणायचात, "घाल माही घडी, पायतो." मंजूला पाहायला आलेल्या पोरालाही तुम्ही सोडलं नाही. मुक्कामाला ठेवून घेतलंत आणि घड्याळ बांधलंत त्याच्या हाताला. सकाळी ते चालू होतं म्हणून तुम्ही खुश. जावईबापू आजही सांगतात, त्या रात्री भीतीनं डोळ्याला डोळा लागला नव्हता, नुसते कूस बदलत होते.

ज्याचा हात त्याची घडी. हे तुमचं बोलणं. मी शंभर वेळा ऐकलं असेल, आणि शंभर वेळा म्हटलं असेल की पुरे जी, किती ते.

धान निसवायच्या दिवसांत तुम्हाला लकवा मारला. छपरीत बसून चौकट जोडत होतात. पटाशी हातातून पडली आणि तुम्ही ती उचलायला वाकलात ते उठलाच नाहीत. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डावी बाजू गेलेली, जीभ जड. डॉक्टर म्हणाले होते की रोज हात हलवून द्या, येईलही, नाही येणारही. घरात पाय ठेवल्या ठेवल्या तुमचा पहिला शब्द, "घडी." मी ते तुमच्या डाव्या मनगटावर बांधलं. एरवी बांधताना तुम्ही मूठ वळायचात, तेव्हा हात माझ्या मांडीवर नुसता पडून होता.

दुसऱ्या दिवशी ते थांबलं. तुमच्या हातावर थांबलं! तुम्ही पाहिलंत आणि तोंड भिंतीकडे केलंत. आईबाप गेले तेव्हाही मी तुम्हाला तसं पाहिलं नव्हतं. मी हळूच मनगट धरून हलवायला गेले तर तुम्ही अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडलात, "हालवू नोको! कोनाच्या हातानं चालवतं?" सकाळी मी कसरत करून द्यायची, हात वर, हात खाली, तेव्हा ते जरा वेळ चालायचं आणि मग पुन्हा गप्प व्हायचं. तुम्ही ते तसंच बांधून ठेवायला लावायचात. काढू देत नव्हतात आणि हलवूही देत नव्हतात.

मंजू आली आणि गोंदियाचा विषय निघाला. "बाबा, चला ना माह्या घरी. कसरतवाली बाई रोज येईन. आईले एकटीले नाई होत आता."

"मी कायले येऊ? तुह्या पंख्याकडे पायत पडून राहू?"

मी मंजूच्या बाजूनं बोलले. तुम्हाला उचलता बसवता माझी कंबर गेली होती, बालवाडीत पोरं उचलून जन्म काढलेल्या बाईची कंबर. तेही मी बोलून दाखवलं. बोलायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही, कारण ते खरं होतं. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि डोळे मिटून घेतलेत. जायचं ठरलं. मंजू गाडी घेऊन येणार होती.

आणि ती यायच्या आधीच, एका सकाळी, तुम्ही छपरीतल्या खाटेवरून हाक मारली, "मंजूची माय! इकडं ये. पाय."

काटा चालत होता. मी चुलीपाशी होते, तुमच्या हाताला कोणी शिवलं नव्हतं. मी विचारलं, "हे कसं काय जी?" तुम्ही म्हणालात, "झोपेत हालला असन हात." मी तिथंच मटकन बसले आणि रडले. मग उठून गूळ वाटला, ज्याला त्याला सांगत सुटले की यांचा हात येऊन राहिला. दिलीप सालेकशाहून धावत आला. "भाऊजी, हारलो मी," म्हणाला, "तुमी तं झोपेतबी काम करता!" मंजूला मी फोन करून सांगितलं की गाडी आणू नको, बाबांना आपल्या घरातच गुण येतो आहे. मीच सांगितलं. तुम्ही फक्त घड्याळ दाखवलंत.

त्यानंतर रोज सकाळी ते चालू असायचं. सगळा हिवाळा. मी रोज उठून आधी तुमच्या मनगटाकडे पाहायची, मग देवाकडे. कंबर दुखायची बंद झाली नव्हती, पण त्या काट्याकडे पाहिलं की दिवस निघून जायचा.

मोहाची फुलं पडायला लागली तेव्हाची एक सकाळ. कसरत करताना मी तुमच्या बोटांत बोटं घातली होती आणि मला वाटलं, तुम्ही दाबलं. अगदी थोडं. मंजू तान्ही असताना झोपेत बोट धरायची, तेवढं. मी दचकले. "तुम्ही दाबलं काय जी?" तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात आणि म्हणालात, "हो."

त्या 'हो'वर मी जगत होते. दुसरा झटका आला तो भर दुपारी, गाडी बोलवायलाही उसंत मिळाली नाही. तुम्ही गेलात तेव्हा तोच हात माझ्या हातात होता. रडताना मी बायकांना सांगत होते की येऊन राहिला होता हो त्यांचा हात, येऊन राहिला होता.

तेरवी झाल्यावर मंजू मला एका दिवसापुरतं गोंदियाला घेऊन गेली, कारण मी घड्याळ हलवायचं सोडत नव्हते. बाजारातल्या एका घड्याळ दुरुस्तीवाल्यापुढे तिनं ते ठेवलं. त्यानं उघडलंसुद्धा नाही. बटण चिमटीत धरलं आणि फिरवलं. किर्र. किर्र. किर्र. "लो माताजी, चल पड़ी."

मंजूनं विचारलं, "इसमें चाबी लगती है?"

"बिलकुल लगती है. पहनो तो हाथ से चलती है, रखी रह जाए तो चाबी दे दो. किसी ने बताया नहीं आपको?"

मी तो आवाज ओळखला होता.

सगळा हिवाळा तो मी ऐकला होता. पहाटे चूल पेटवत असताना छपरीतून यायचा, किर्र, किर्र. मला वाटलं तुमच्या बिजाच्या लाकडाच्या फळ्यांना भुंगा लागला. मी तुम्हाला म्हटलंही होतं. आणि तुम्ही काय म्हणालात? "असन. ऊन देजो लाकडाले." अजी, मी त्या फळ्या एकेक करून अंगणात ओढल्या! दुखऱ्या कमरेनं! उन्हात उलट्या-पालट्या केल्या, कडुनिंबाचा पाला घातला, आणि तुम्ही खाटेवर पडून पाहत होतात. हसत होता काय आतल्या आत? का रडत होता?

मी त्या माणसाला विचारलं, भाऊ, मी यांचा हात रोज हलवून देत होते, त्यानं चालली असेल काय? मी तिथं काउंटरला धरून उभी होते. तो म्हणाला, "उससे थोड़ी बहुत चलेगी माताजी, रात भर नहीं." मी म्हटलं, आणि माणूस झोपेत हलला तर? तो मंजूकडे पाहायला लागला. मंजूनं माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी आहे, आणि ती देणारं आता कोणी नाही. घड्याळाचं खोटं होतं, कळलं. पण ते दाबणं? मी घरभर फिरते आणि माझी बोटं आवळून पाहते. एवढं होतं का? याहून कमी? का मीच तुमची बोटं दाबली आणि मला ती तुमची वाटली? तुमचा हात एकदा, एकदाच, माझ्यासाठी हलला होता का नाही? जो माणूस महिनोन्‌महिने सकाळी मला चालतं घड्याळ दाखवत होता, त्याच्या 'हो'चं मी काय करू? मंजू म्हणते, जाऊ दे ना आई. कुठं जाऊ देऊ? त्या एका सकाळीशिवाय या सगळ्या आजारपणात माझ्या वाट्याला आलं काय होतं?

कधी मला तुमचा असा राग येतो की छपरीतल्या फळ्या चुलीत घालाव्या. तुम्हाला गोंदियाला जायचं नव्हतं, एवढंच. हट्टापायी मला उल्लू बनवलंत. गेलो असतो तर? डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कुठंही आला असता. डॉक्टरला काय जातं म्हणायला.

आणि कधी भलतंच मनात येतं. तुम्हाला मुळात कळलं कसं? बटण फिरवलं तर तार तुटते, हे तुमच्याइतकं खरं मानणारा दुसरा माणूस नव्हता. त्या पहिल्या पहाटे, मी कमरेचं बोलले त्यानंतर, तुम्ही ते बटण धरलंत ते चालवायला नाही. तुम्ही ते तोडायला गेला होता. हातावर मेलेलं घड्याळ रोज पाहण्यापेक्षा एकदाची तार तुटू दे, म्हणून पीळ दिलात. आणि ते चालू झालं. असंच झालं असेल ना? उजव्या हाताची दोन बोटं, डाव्या मनगटावर, अंधुक उजेडात, आणि काटा हलताना पाहून तुम्ही एकटे. मला हाक मारण्याआधी तुम्ही किती वेळ तसे पडून होता? हे मनात आलं की माझा राग जातो आणि त्याच्या जागी जे येतं ते रागाहून वाईट आहे. चूल माझी दहा पावलांवर होती. मी फुंकणीनं जाळ करत होते.

तुमचं घड्याळ मी माझ्या हातात घालायला लागले. म्हटलं, आपला हात धडधाकट आहे, आपण चालवू. पट्टा मोठा, तो सुतळीनं आवळला. पहिले काही दिवस चाललं, येणं-जाणं होतं, भांडी होती. मग पाहुणे गेले. शेजारीण भात आणून ठेवायची, तो तसाच वाळायचा. मी तुमच्या खाटेवर पडून असायची. झाडू भिंतीला टेकलेला असायचा, मी त्याच्याकडे पाहायची, तो माझ्याकडे. आणि एके दिवशी पाहिलं तर घड्याळ माझ्या हातावर थांबलेलं. मला काही लकवा मारलेला नव्हता. तुम्ही असता तर दिलीपसारखी माझीही टर उडवली असती. मी वाटही पाहिली क्षणभर, कोणी हसतं का.

मंजू रविवारी येते. आल्यावर चपला काढायच्या आधी तिची नजर माझ्या मनगटावर जाते, माझ्या ते ध्यानात आलेलं होतं. तिच्या मनात काय असतं ते मला ठाऊक आहे, शेवटी पोरगी तुमची, माप तेच. गेल्या रविवारी फाटकाशी तिची स्कुटी वाजली तेव्हा मी पडलेलीच होते आणि घड्याळ उभं होतं. कसं झालं ते मला सांगता येणार नाही. माझी बोटं आपोआप गेली, बटण धरलं, फिरवलं. किर्र, किर्र. वेळ लावायला अवकाश नव्हता, काटे कुठल्या कुठं होते, पण फिरत होते. मी उठून केस सारखे केले.

ती आत आली. पाहिलं तिनं. "चालून राहिली न घडी," म्हणाली, "मंग बरं हाये. मी कायजीच करून राहिली होती वं आई, रस्ताभर."

आणि तिचं तोंड, अजी! इतके दिवस आवळलेलं ते तोंड असं सैल झालं, की मला वाटलं, हे खरंच राहू द्यावं. रोज राहू द्यावं. एवढ्याशा बटणानं होतं तर का नाही? तेव्हा मला तुम्ही दिसलात. खाटेवरचे. रोज पहाटे माझं तोंड असंच सैल होताना पाहणारे. ते एकदा पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी बटण न फिरवणं किती कठीण होतं, ते मला कळलं. पहिल्यांदा कळलं. त्या मोहफुलांच्या सकाळी मी आशेनं विचारलं, तेव्हा तुमचा हात हलला असो की नसो, तुम्हाला 'हो'शिवाय दुसरं काही म्हणता येण्यासारखं मी ठेवलंच नव्हतं. मला माझं उत्तर मिळालं नाही. मिळणारही नाही, तुम्ही ते घेऊन गेलात.

मंजू पिशवीतून डबा काढत होती. मी म्हटलं, "बेटा, घडी माह्या हातानं नाई चालून राहिली. आता तू येतानी मी चावी देल्ली. माह्यानं उठनं नाई होत. चूलबी नाई पेटवली मी. मले घेऊन चाल."

डबा तिच्या हातातच राहिला. मला वाटलं ती रागावेल, नाहीतर घाबरेल. ती खाली बसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली, बाप गेल्यापासून पहिल्यांदा. मीही रडले. मग ती उठली, तोंड धुतलं, माझ्या दोन लुगड्यांची घडी घातली आणि खिडक्या लावायला लागली.

बास, एवढंच झालं. एवढंच म्हणायचं होतं तुम्ही मला, की होत नाही. मी रडले असते, भांडले असते, आणि मग तुमच्याजवळ बसले असते.